अर्धी दुआ

कराकोलच्या घोडमैदानावर, मंचाच्या डाव्या अंगाला त्या दुपारी एवढं होतं: स्पीकरच्या आठ पेट्या, एकेक छप्पन्न किलोची, त्यांना एकीखाली एक धरून ठेवणारी पोलादी चौकट एक, बासष्ट किलो, जाड केबल तीस किलो, साखळीनं भार ओढणारी विजेची यंत्रं, म्हणजे चेन ब्लॉक, दोन, शॅकल, म्हणजे पोलादी जोडकड्या, सहा, सुरक्षेच्या वायर दोन, अजून न अडकवलेल्या, पेट्यांची दिशा सांभाळायचे दोर दोन, आणि त्या दोरांवर हात चार, त्यातले दोन माझे. वर मनोऱ्याच्या तुळईवर, पट्ट्यानं बांधलेले तोलोमुश बाइके, म्हणजे आमचे तोलोमुशदादा. खाली बटणांपाशी जानिल. दुसऱ्या दोरावर कुबात. वारा सेकंदाला चार मीटर. आठ मीटरला आम्ही काम थांबवतो. उजव्या अंगाच्या आठ पेट्या सकाळीच वर गेल्या होत्या. डाव्या आठ जमिनीपासून चार मीटरवर होत्या आणि चढत होत्या. धोक्याच्या पिवळ्या पट्टीच्या आत तीन माणसं असायला हवी होती. होती पाच.

जास्तीच्या दोघांतले एक बेक्तुर अक्साकाल आणि दुसरे माझे सासरे. दोघेही शहराच्या वडीलधाऱ्यांच्या मंडळातले, दोघांच्याही डोक्यावर उंच पांढरी नमद्याची, दाबलेल्या लोकरीची टोपी. दुसऱ्या दिवशी या मैदानावर शंभर कोमुझवादक एकदम वाजवणार होते. म्हणून दोघं मैदान बघायला, म्हणजे खरं तर मैदानाला दुआ द्यायला आले होते. पट्टी त्यांना दिसली नाही असं नाही. सासऱ्यांनी ती दोन बोटांनी उचलली, मेंढ्यांच्या वाड्याची दोरी उचलावी तशी, बेक्तुर अक्साकालना आधी आत जाऊ दिलं, आणि स्वतः वाकून आत आले. मग मान वर करून त्या लोंबत्या काळ्या पेट्यांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी दोन्ही हात छातीसमोर आणले, तळवे आभाळाकडे केले आणि म्हणाले, “या मैदानावर पडेल ते पाऊल सुखाचं पडो. या दोरांनी जे जे उचललं ते...” आणि माझे हात उघडले.

मी उघडले नाहीत, ते उघडले. हा फरक मला त्या क्षणीही कळला, आणि नंतर कितीदा तरी मी तो पुन्हा तपासून पाहिला. उजव्या हाताची करंगळी आधी सैल झाली, मग तिच्या शेजारचं बोट, आणि दोर हातमोज्यातून बोटभर सरकला. दुआ कानात शिरते आणि हात उघडतात, यात डोकं मध्ये येतच नाही. आमच्यातल्या कुणालाही विचारा, पहिल्यांदा तळवे कधी उघडले ते आठवणार नाही, कारण तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी उघडून धरले होते. माझे माझ्या आईनं. जेवण संपायचं, आजोबा हात उचलायचे, आणि आई पाठीमागून माझ्या मुठी सोडवायची, त्यात भाकरीचा तुकडा असला तर तोही काढून घ्यायची. बस घाटाखाली थांबते आणि कुणी म्हातारा दुआ सुरू करतो, तेव्हा चालकसुद्धा चाकावरचे हात काढतो; गाडी उभी असते म्हणून बरं. बिश्केकला ध्वनिशास्त्र शिकत असताना वसतिगृहातल्या मुलींनी परीक्षेच्या सकाळी दारातल्या पहारेकरीणबाईंकडून दुआ घेतली होती, आणि मी, जिला आवाज म्हणजे हवेचा दाब याखेरीज काही वाटत नव्हतं, जिन्यात पुस्तकं खाली ठेवून तळवे उघडून उभी राहिले होते. पुस्तकं खाली ठेवून. दोर खाली ठेवता येत नाही.

कुबातनं त्याचा सोडला होता. पूर्ण. तो माझ्यासमोर दहा-बारा हातांवर उभा होता, डोळे मिटलेले, तळवे उघडे, चेहरा एखाद्या शहाण्या मुलासारखा, आणि त्याचा दोर त्याच्या पायांजवळून गवतावरून लांब लांब सरकत चालला होता. जानिलनं बटणाची पेटी गळ्यातल्या पट्ट्यावर सोडून दिली होती. पण बटण सोडलं की ते यंत्र आपोआप थांबतं, साखळी जिथल्या तिथे धरून. वर तोलोमुश बाइकेसुद्धा तुळईवर पाय रोवून दोन्ही तळवे आभाळाला दाखवत होते. आणि सांताशच्या खिंडीच्या बाजूनं वारा आला. आधी मंचाचं कापड फुगलं, मग पेट्यांची रांग हळूच, अगदी कुणी हाक मारल्यावर मान वळवावी तशी, वळू लागली. माझा दोर ताठ झाला. खालच्या पेटीचा कोपरा मनोऱ्याच्या खांबाकडे निघाला होता. तो आदळला तर पेट्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या खिळींपैकी एखादी वाकेल. एक वाकली की तिच्या खालच्या सगळ्या येतील. आणि त्यांच्या खाली दोन उंच पांढऱ्या टोप्या होत्या. हे मी विचार करून काढलं असं म्हणणं खोटं होईल. हे सगळं एकदम दिसलं, शब्दांशिवाय.

“थांबा! अता, मागं व्हा! मागं!”

हा आवाज माझा होता. सहा वर्षं मी त्या घरात आहे. सून म्हणून उंबरठ्याच्या आत वाकून तीनदा नमस्कार केला त्या दिवसापासून अतांसमोर, म्हणजे सासऱ्यांसमोर, माझा आवाज एका उंचीच्या वर गेलेला नाही. आमच्या स्वयंपाकघरात पाणी उकळत असेल तर तो ऐकू येणार नाही इतकाच. अतांचं नावही मी घेत नाही. त्यांच्या नावाचा पहिला अर्धा म्हणजे लोखंड, म्हणून तो शब्दही घरात उच्चारत नाही, ‘काळं’ म्हणते. सासूबाई यावर हसतात, पण एकदा मी चुकले तेव्हा हसल्या नव्हत्या. कामावर ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तोलोमुश बाइके वरून ओरडतात, “बुरुल, जरा ते तुझ्या सासऱ्याचं अर्धं नाव वर पाठव गं!” आणि मी शॅकल बादलीत घालून पाठवते. चेष्टा सोडली तर मला त्या सवयीचा त्रास नव्हता. आवाज खाली ठेवणं हे एक प्रकारचं मापन आहे. माणसं, अंतर आणि वेळ बघून किती लागेल तेवढाच वापरायचा. त्या दुपारी मी जेवढा होता तेवढा सगळा वापरला.

दोघं मागं सरले. म्हणजे बेक्तुर अक्साकालनी अतांना बाहीला धरून ओढलं. कुबातनं डोळे उघडले, दोरावर झडप घातली, गुडघ्यावर पडला, फरफटला, पण धरला. मी माझा दोर कमरेमागून घेऊन मागं झुकले. कोपरा खांबापासून वीतभर अंतरावर थांबला, तिथं क्षणभर थरथरला आणि परत फिरला. मी अतांकडे पाहिलं. त्यांचे हात अजून हवेतच होते, दुआ जिथं तुटली तिथंच; मग ते खाली आले, आणि येताना वळले. मला त्यांच्या हातांच्या पाठी दिसल्या. निळ्या शिरा, उजव्या अंगठ्याजवळची जुनी पांढरी खूण. तळवे जमिनीकडे, पाठी आभाळाकडे.

हात असे करून म्हटलेली दुआ उलटी असते, शापाची. ती मी आयुष्यात एकदाच पाहिली आहे, लहानपणी, आमच्या गल्लीत, एका म्हाताऱ्यानं स्वतःच्या मुलाच्या दारापुढे उभं राहून दिलेली. तो काय बोलला ते मोठ्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्या घराच्या खिडक्या पुढे कित्येक वर्षं फळ्या ठोकून बंद होत्या, एवढंच मी जाता-येता पाहत असे. आता इथं, भर उन्हात, माझं विज्ञान शिकलेलं मन दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडत होतं. एक: हात खाली आणणाऱ्या प्रत्येक माणसाचे तळवे कुठंतरी वळतातच, मनगटाची घडणच तशी आहे. दोन: ते तिथं थांबले होते. किती वेळ? निमिषभर? त्याहून जास्त? मी मोजलं नव्हतं, आणि जे मोजलं नाही त्याच्याबद्दल मन काय वाटेल ते बोलतं. अर्धी तोडलेली दुआ. ती तोडणारी सून. आज संध्याकाळी त्या घरात मी चहा ओतणार होते, कुणाच्या पेल्यात, कोणत्या तोंडानं?

“खाली घ्या!” वरून तोलोमुश बाइके ओरडले. “सगळं खाली. जमिनीपर्यंत.”

“बाइके, काही लागलं नाहीये, वीतभर राहिली होती,” जानिल म्हणाली.

“वीत तुझी का माझी? खाली!”

पेट्या उतरल्या. बाइकेही उतरले, शिडीवरून नाही, दोरावरून, कारण बघणारी माणसं होती. तरुणपणी ते पर्वतांवर चढायचे, मग बिश्केकला उंच इमारतींच्या भिंतींवर लोंबून काचा बसवायचे, आणि दोन्ही गोष्टी भेटणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पेल्याच्या आत कळतात. इस्त्रीचा शर्ट घालून काम करणारा दुसरा माणूस मी आमच्या धंद्यात पाहिलेला नाही. त्यांनी हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला आणि कुबातसमोर उभे राहिले.

“काय रे, तुझ्या हातांना गोंद लावू का?”

“बाइके, तुम्हीसुद्धा वर हात...”

“मी बांधलेला होतो! हे बघ, हा पट्टा, हा हूक. मी देवाला दोन्ही हात देऊ शकतो. तुझ्यावर पाचशे चाळीस किलो आहेत, तू एकही देऊ शकत नाहीस. देव समजून घेईल. तो काय पहिल्यांदाच दोर बघतोय?”

कुबातची मान खाली गेली. बाइकेंनी त्याच्या हातमोज्यांवरची माती झटकली, बरीच जोरात, आणि माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, “खालच्या तीन पेट्यांच्या खिळी तू बघ. मग मी बघतो. मग जानिल. कुबात बघणार नाही, त्याचे डोळे मिटलेले असतात.”

मी गुडघ्यांवर बसले. खीळ बाहेर काढायची, उन्हात फिरवून बघायची, नखानं कडा चाचपायची, परत घालायची, टिचकी आत बसल्याचा आवाज ऐकायचा. तो आवाज मला फार आवडतो, कोरडा आणि एकदाच होणारा. माझ्यामागून बाइके तेच करत येत होते, जणू माझ्या बघण्याला काही अर्थच नव्हता, आणि त्यांच्यामागून जानिल तेच, जणू बाइकेंच्या बघण्याला नव्हता. यात कुणाचा अपमान होत नाही. पहिल्यांदा इथं आले तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. ज्या शहरात थोरल्यानं ठेवलेला पेला धाकटा हलवत नाही, तिथं थोरल्यानं आवळलेला शॅकल धाकटी पुन्हा सोडून बघते, आणि थोरला कमरेवर हात ठेवून वाट पाहतो. कुणीही ‘थांबा’ म्हणायचं, आणि मग सगळ्यांनी थांबायचं, का ते नंतर विचारायचं. हा नियम बाइकेंनी आम्हाला पहिल्या दिवशी सांगितला होता आणि मी तो यंत्राचा नियम समजून लक्षात ठेवला होता. तो माणसांचा होता. पेट्यांना कोण थोरलं ते माहीत नसतं. खाली कोण उभं आहे हेही. म्हणून पेट्या हवेत असतात तेवढ्यापुरतं आम्हीही ते विसरायचं, आणि त्या वर बांधल्या गेल्या की पुन्हा आठवायचं, एकही क्षण उशीर न करता. किती अवघड गोष्ट मागत होता तो इस्त्रीच्या शर्टातला माणूस, आणि किती सहज. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी पाठीवर अतांची नजर, उन्हासारखी.

ते गेले नव्हते. पट्टीच्या बाहेर केबलच्या रिकाम्या खोक्यावर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. तळवे खाली. बेक्तुर अक्साकाल शेजारी उभे राहून जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते, “पेटी नव्हे रे, न्हावी होता तो! माझी दाढी करायला खाली येत होता.” कुणीतरी बाजारातून गार शेवयांचं आंबट-तिखट आश्लान-फू आणलं होतं, त्या तिखटाचा वास मैदानाच्या धुळीत मिसळला होता. मी थर्मासमधला चहा पेल्यात ओतला, रीतीप्रमाणे अर्ध्याहून कमी, आणि पट्टीखालून वाकून त्यांच्याकडे गेले. दोन्ही हातांनी पुढे केला. त्यांनी घेतला, पण प्यायले नाहीत. खोक्यावर शेजारी ठेवला.

“किती जड आहे ते?” त्यांनी पेट्यांकडे बघत विचारलं.

“पाचशे चाळीस किलो, अता.”

“घोड्यापेक्षा जास्त.”

“दीड घोडा होईल.”

“आणि वाजवायचं काय, तर कोमुझ.” बेक्तुर अक्साकाल मध्येच म्हणाले. “जर्दाळूच्या लाकडाचा टीचभर तुकडा, तीन तारा. आमच्या वेळी ऐकायचं असेल तर माणूस जवळ सरकून बसायचा.”

“आमच्या वेळी माणसं कमी होती,” अता म्हणाले. चहावर धुळीचा कण पडला, मी तो बघत राहिले. माफी मागावी असं ओठांवर आलं होतं, पण कशाची? ओरडल्याची मागितली असती तर खोटी झाली असती, आणि दुआ तुटल्याची मागायची तर तो शब्द काढावा लागला असता, आणि मग त्यांनी हात का वळवले हे विचारावं लागलं असतं. “अता,” एवढंच मी म्हटलं, माझ्या घरातल्या आवाजात, आणि वाऱ्यात तो मलाच ऐकू आला नाही.

“जा,” ते म्हणाले. “तुझी माणसं वाट बघतायत.”

बाइके परत तुळईवर चढले आणि आम्ही पुन्हा उचललं. आधी गुडघ्याएवढं, आणि थांबलो. हा आमच्या कामातला सगळ्यात शांत भाग. भार हवेत असतो पण पडला तरी कुणाचं काही जाणार नाही इतकाच, आणि सगळे नुसते ऐकत राहतात: साखळी, शॅकल, मनोऱ्याचे पाय. पोलाद ताणाखाली आलं की एक बारीक कुरकुर करतं आणि मग गप्प बसतं. ते गप्प बसेपर्यंत बाइके हात वर करत नाहीत. वाऱ्याचा आकडा जानिल मोठ्यानं वाचत होती: पाच, चार, चार. मग बाइकेंचा अंगठा वर झाला आणि पेट्या चढू लागल्या. कुबातनं या वेळी दोर असा धरला होता की त्याच्या मनगटावरच्या शिरा मला दिसत होत्या. माझं लक्ष दोरावर, कोपऱ्यावर, खांबावर. आणि त्याच्यामागं, नजरेच्या कडेला, एक उंच पांढरी टोपी. ती पट्टीपर्यंत आली. थांबली. अतांनी पट्टीला हात लावला नाही. हात पाठीमागं नेले आणि एकात एक गुंतवून ठेवले. दिवसभरातलं कुठलंही वाक्य मी एवढ्या नीट वाचलं नसेल, आणि तरी त्याचा अर्थ लागेना. राग आवरलेला माणूसही असाच उभा राहतो. स्वतःचे हात सांभाळणाराही.

पेट्या जागेवर पोचल्या. बाइकेंनी पहिली वायर अडकवली, मग दुसरी, मग दोन्हींवर आपलं वजन टाकून पाहिलं. “बांधलं!” ते ओरडले. “सोडा!” आणि आम्ही दोर सोडले. हातमोजे काढले तेव्हा माझ्या बोटांना पूर्ण उघडायला जरा वेळ लागला.

पुढचं काम माझं एकटीचं. मापनाचा माइक आणि मीटर घेऊन मी मैदान ओलांडून शेवटच्या रांगेपर्यंत गेले, तिकाटणं उभं केलं, माइक बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर आणला. मंच इथून पेल्याएवढा दिसत होता. वॉकीटॉकीवर मी म्हटलं, “कुबात, कुणीतरी माइकवर बोला. आकडे मोजू नकोस, साधं बोलणं हवं.”

“एजे,” त्याचा आवाज आला, थोरल्या बहिणीला हाक मारावी तसा, दबका. “इथं अक्साकाल आलेत. तुमचे. माइक मागतायत. देऊ?”

मी वॉकीटॉकी कानाशी धरून मंचाकडे पाहिलं. दूर मंचावर पांढरी टोपी पुढे आली, थांबली. त्या अंतरावरून हात दिसत नव्हते. कसे धरलेत, वर का खाली, काहीच दिसत नव्हतं. नुसता एक बारीक उभा ठिपका, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आठ आठ पेट्या, सरळ, न हलणाऱ्या. स्पीकरमधून आधी त्यांचा श्वास आला. मी तो घरात इतक्या वेळा ऐकला आहे, भिंतीपलीकडून. मग ते बोलले, आणि सुरुवातीपासून बोलले नाहीत.

“...सुखरूप खाली येवो,” अता म्हणाले. “ज्यांनी दोर धरले त्यांचे हात बळकट राहोत. जिनं थांबा म्हटलं तिचा आवाज कधी बसू नये. ओमीन.”

मंचापाशी ठिपक्यांचे हात चेहऱ्यांवरून फिरले, आणि त्यांच्यावर, तुळईवर, आणखी एका ठिपक्याचे. मीटर तिकाटण्यावर होता. माझे दोन्ही हात मोकळे होते, आणि उघडे.

मंचापासून शंभर मीटर, शेवटची रांग, वारा सेकंदाला चार मीटर: अठ्ठ्याहत्तर डेसिबल.